किल्ल्यावरची बत्ती

करमाडचा मनुष्य समुद्रावर बोलणार, हें ऐकून आपणांपैकीं कांहींजणांना गंमत वाटली असेल. करमाड हें छत्रपति संभाजीनगरहून जालन्यास जाणाऱ्या सडकेवरचें गांव. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर त्याचें लहानसें स्टेशन आहे. समुद्र येथून सरळ रेषेंत मोजला तरी सुमारें ३०० किलोमीटर दूर. आमच्याकडे पाण्याची गोष्ट निघते ती विहिरींत किती परस पाणी उरलें याची; भरती-ओहोटीची नव्हे. तरीहि आमचें आणि समुद्राचें नातें वाटतें तितकें दूरचें नाहीं. मृग नक्षत्र जवळ आलें कीं आमचा शेतकरी नैर्ऋत्येकडे तोंड करून उभा राहतो. ज्या वाऱ्याची तो वाट पाहत असतो, तो आधीं कोंकणच्या खडकांवर आदळतो, सह्याद्रि चढतो, बहुतेक पाऊस तेथेंच रिता करतो आणि उरलेला ओंजळभर आमच्या पदरीं घालतो. आमच्या वांट्याला येतो तो समुद्राचा उष्टा वारा. पण त्याच्यावांचून आमचें एकहि शेत पिकत नाहीं.

दुसरें नातें व्यापाराचें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या कोणा व्यापाऱ्यानें 'पेरिप्लस' नांवाचें समुद्रप्रवासाचें एक पुस्तक लिहून ठेविलें. त्यांत पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, या मराठवाड्यांतील दोन नगरांचा उल्लेख आहे. पैठणचा अकीक आणि तगरचें कापड गाड्यांत घालून बिकट वाटांनीं भडोचच्या बंदरास नेत, असें तो सांगतो. तोच लेखक आणखी एक गोष्ट सांगतो. भडोचच्या खाडीचें मुख फार धोक्याचें. म्हणून तेथील राजाच्या चाकरीचे कोळी मोठ्या होड्या घेऊन काठेवाडच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परक्या गलबतांना वाट दाखवीत आंत आणीत. त्या किनाऱ्यावर दीपगृहाचें काम तेव्हां माणसें करीत होतीं. आमच्या पैठणचा माल त्या अनोळखी कोळ्यांच्या भरंवशावर सातासमुद्रांपलीकडे पोहोंचत होता.

मी सेवानिवृत्त शिक्षक आहें. विद्या मॅट्रिकपर्यंतची, पुढचें जें कांहीं शिक्षण झालें, तें मुलांना शिकवितां शिकवितां झालें. भूगोलाच्या तासाला 'दीपगृह' हा शब्द मीं किती वेळां फळ्यावर लिहिला असेल, त्याची गणती नाहीं. तेव्हां साठी उलटल्यावर, एका मे महिन्यांत, घरची जुनी लहान मोटार घेऊन रेवसपासून गोव्यापर्यंतचा किनारा उतरावयाचा आणि वाटेंतलीं दीपगृहें पाहावयाचीं, असें मीं ठरविलें. आणि तेंहि एकट्यानें. "या वयांत एकट्यानें कशाला?" हा प्रश्न घरांत, ओट्यावर, पोस्टांत, सगळीकडे विचारला गेला. माझें उत्तर साधें होतें. सोबत असली म्हणजे मनुष्य सोबत्याशींच बोलत राहतो. एकटा असला म्हणजे त्याला वाटेंत भेटेल त्याच्याशीं बोलावें लागतें. रस्ता विचारावा लागतो, पाणी मागावें लागतें, कोणाच्या तरी अंगणांत मोटार उभी करूं द्या म्हणून विनवावें लागतें. एकट्याचा प्रवास म्हणतात तो खरें पाहतां परक्यांच्या भरंवशावरचा प्रवास असतो. माझ्या आजच्या विषयाशीं या गोष्टीचा संबंध कसा आहे, तें पुढें येईलच.

मे महिन्यांतील कोंकणचा वारा ही स्वतंत्र चीज आहे. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो इतका सौम्य कीं माडाचें पानहि विचार करून हलतें. सूर्य माथ्यावर आला, जमीन तापली, कीं दिशा पालटते आणि खारा वारा सुरू होतो. मोटारीचें दार उघडावें तर तें हातांतून हिसकावून घेतो, आणि दोन दिवसांत चष्म्याच्या कांचेवर मिठाची साय धरते. हे दोन वारे आम्ही मुलांना पुस्तकांतून पाठ करावयास लावतों. येथील कोळ्याची पोरें ते अंगावर घेऊनच वाढतात.

बोरघाट उतरून मी अलिबागेस आलों आणि तेथून थळच्या किनाऱ्यावर गेलों. तेथें समोर दोन बेटें दिसतात: खांदेरी आणि उंदेरी. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला. मुंबईच्या इंग्रजांना आपल्या दाराशीं हें ठाणें नको होतें. त्यांनीं लढाऊ जहाजें आणून बेटाची कोंडी केली. पण मायनाक भंडारी आणि त्याचे लोक हटले नाहींत. मराठ्यांच्या लहान होड्या काळोखाचा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन इंग्रजांच्या जड जहाजांमधून निसटत आणि बेटावर दाणागोटा पोहोंचवीत. १६८० च्या जानेवारींत सिद्दीनें शेजारच्या उंदेरीवर ठाणें घातलें, आणि दोन्ही बेटें एकमेकांवर तोफा डागूं लागलीं. त्या काळीं तेथें रात्रीं दिवा लावणें म्हणजे शत्रूला नेम दाखविणें होतें. काळोख हाच दुबळ्याचा मित्र होता.

त्याच खांदेरीच्या टेकडीवर १८६७ सालीं इंग्रजांनीं दीपगृह बांधलें. आज त्याला कान्होजी आंग्रे यांचें नांव आहे. ज्या आंग्र्यांच्या आरमारानें इंग्रजांची झोंप उडविली, त्यांच्याच नांवानें आज सर्व देशांच्या जहाजांना वाट दाखविली जाते. खांदेरीचा किल्ला २०२५ सालीं मराठ्यांच्या इतर ११ किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेला, हें आपण वर्तमानपत्रांत वाचलेंच असेल.

थळच्या वाळूंत उभें राहून मी बराच वेळ त्या बेटाकडे पाहत होतों. किल्ला आणि दीपगृह या दोघांनाहि एकच जागा लागते: उंच, समुद्रांत पुढें आलेली, दूरवरून दिसणारी. म्हणून कोंकणच्या किनाऱ्यावर दीपगृहें पाहावयास निघालेला मनुष्य पुनः पुनः किल्ल्यांवरच येऊन पोहोंचतो. पण दोघांचें बोलणें अगदीं उलट आहे. किल्ला समुद्राकडे पाहून विचारतो, "तूं कोणाचा?" दीपगृह हा प्रश्नच विचारीत नाहीं. तें एवढेंच सांगतें, "मी येथें आहें, यावरून तूं कोठें आहेस, तें ओळख." इंग्रजांनीं हें परोपकारासाठीं केलें, असें समजण्याचें कारण नाहीं. मुंबईचा कापूस विलायतेस जात होता, १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, जहाजें वाढलीं, जहाज बुडालें तर पैसा बुडत होता. हेतु व्यापाऱ्याचा होता. तथापि एकदां पेटविलेला दिवा मालकाच्या हेतूंत कोंडून राहत नाहीं. इंग्रजांच्या आगबोटीला जो प्रकाश मिळाला, तोच थळच्या कोळ्याच्या होडीलाहि मिळाला.

दिव्याचें गुणगान करतांना त्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे, आणि ती सांगणारी जागा येथून जवळच आहे. १७ जुलै १९४७ हा दिवस. आषाढ अमावास्या, आपल्याकडे दिव्यांची अवस म्हणतात ती. घरोघर समया-निरांजनें घासून पुजलीं जातात. त्या सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नांवाची आगबोट गांवाकडे निघालेल्या माणसांना घेऊन रेवसकडे निघाली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनीं ती कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. दिवस उजाडलेला होता. किनारा जवळ होता. खांदेरीचा मनोरा आपल्या जागीं उभा होता. मुंबईस ही बातमी कळावयास कित्येक तास लागले. जीं थोडीं माणसें वांचलीं, त्यांतील पुष्कळांना मच्छीमारांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. दीपगृह वाट दाखवितें. पण कोणत्या हवेंत निघावें, बोटींत किती माणसें घ्यावीं, बुडणाऱ्याला हात कोणी द्यावा, याचा जबाब दिव्याला देतां येत नाहीं. तो माणसांनींच द्यावयाचा असतो.

पुढें रेवदंड्याचा पूल ओलांडला कीं कोर्लईची टेकडी दिसते. शेजारचें चौल हें निजामशाहीचें बंदर. याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें १६१० सालीं खडकी गांव वसविलें, आणि तेंच पुढें औरंगाबाद व आतां छत्रपति संभाजीनगर झालें. म्हणजे माझ्या जिल्ह्याच्या गांवाचा आणि या खाडीचा धनी एके काळीं एकच होता. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांचा. १७४० सालीं त्यांची सत्ता येथून गेली. पण त्यांची बोली राहिली. कोर्लई गांवांतलीं ख्रिस्ती कुटुंबें आजहि पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफांतून झालेली एक स्वतंत्र बोली घरांत बोलतात. सत्ता जाते आणि भाषा राहते, हें एका जुन्या शिक्षकाला ऐकावयास बरें वाटतें.

कोर्लईचें दीपगृह किल्ल्याच्या खालच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर आहे. तेथील वाऱ्यांत टोपी सांभाळीत उभा असतांना मला एका विद्यार्थ्याचा प्रश्न आठवला. त्यानें विचारलें होतें, "गुरुजी, दिवाच मोठा लावला तर उंचीची गरज काय?" गरज अशी, कीं पृथ्वी वाटोळी आहे. दिवा कितीहि प्रखर असला तरी पाण्याच्या फुगवट्यापलीकडे त्याचे किरण वांकून जात नाहींत. समुद्रसपाटीपासून २५ मीटर उंच असलेल्या दिव्याचें क्षितिज सुमारें १८ किलोमीटरांवर असतें. १०० मीटर उंचीवरच्या दिव्याचें सुमारें ३६ किलोमीटरांवर. उंची चौपट केली तर अंतर दुप्पट होतें. म्हणून दीपगृह बांधणारा आधीं डोंगर शोधतो आणि मग मनोरा बांधतो. जहाजाचा डोलकाठीवरचा माणूसहि उंचीवर असल्यामुळें दोघांचीं क्षितिजें मिळून अंतर आणखी वाढतें. पाहणाऱ्यानेंहि थोडें उंच चढावें लागतें, तेव्हां दिवा दिसतो.

तेथून दक्षिणेस सागरी रस्त्याला खाड्या आडव्या येतात. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला, मोटारीसह फेरीबोटींत चढून पलीकडे जावयाचें. फेरीबोटींत मोटारीचा धनी, म्हैस घेऊन निघालेला शेतकरी आणि मासळीच्या टोपल्यांशीं बसलेली कोळीण एकाच फळीवर असतात. दहा मिनिटांत तीन ओळखी होतात आणि पलीकडच्या कांठाला त्या सुटतात.

दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जातांना शेखाडी लागतें. रस्ता इतका सुंदर कीं डावीकडचा डोंगर पाहावा कीं उजवीकडचा समुद्र, हें कळत नाहीं. पण याच शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ सालीं मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीं स्फोटकें उतरविलीं गेलीं. पुढें २००८ सालीं मुंबईवर हल्ला करणारेहि समुद्रावरूनच आले. तेव्हां माझ्या मनांत आपणच एक आक्षेप उभा राहिला. कोणाचें जहाज, हें न विचारतां प्रकाश देणें हा भाबडेपणा तर नव्हे?

या आक्षेपाचा विचार मी हर्णैला पोहोंचेपर्यंत करीत होतों. हर्णैला समुद्रांत सुवर्णदुर्ग आहे आणि किनाऱ्यावर कनकदुर्ग. कनकदुर्गावर आज दीपगृह आहे. खालीं बंदरांत मासळीचा लिलाव चालला होता. होड्या येत होत्या, बैलगाड्या गुडघाभर पाण्यांत जाऊन मासळी आणीत होत्या. तेथें मला वाटलें, कीं 'तूं कोण?' हें विचारणें चूक नाहीं. तें काम बंदरावरच्या पहारेकऱ्याचें आहे, आणि तें त्यानें डोळ्यांत तेल घालून केलें पाहिजे. पण ज्याला काळोखांत खडक दिसत नाहीं, त्याला आधीं खडक दाखवावयाचा आणि मग नांव विचारावयाचें, हा क्रम उलटतां येत नाहीं. शेखाडीला जें घडलें, तें दिवा होता म्हणून घडलें नाहीं. जागें राहावयाचें ते जागे राहिले नाहींत, म्हणून घडलें. पहाऱ्याच्या चुकीबद्दल दिवा मालवावयाचा नसतो. युद्धाच्या दिवसांत किनाऱ्यांवरचे दिवे विझवितात अथवा मंद करतात हें खरें. पण युद्ध संपलें ही बातमी समुद्राला कळते ती दिवे पुन्हां लागल्यावरूनच.

दाभोळची खाडी ओलांडून अंजनवेलला गेलों. गोपाळगडाच्या पुढें, टाळकेश्वराच्या देवळापाशीं, कड्यावर दीपगृह आहे. खालीं वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते. या दिव्यांच्या आंतली रचना आपणांस थोडक्यांत सांगतों, कारण मुलांना तींतच अधिक गोडी असते. दिव्याची ज्योत मोठी नसते. मोठें असतें तें तिच्याभोंवतींचें भिंग. फ्रान्समधील ओगुस्तँ फ्रेनेल या शास्त्रज्ञानें असें दाखविलें, कीं भिंगाचा सगळा जाडजूड गोळा लागत नाहीं. त्याची वक्र कडा कांचेच्या कंकणाकार पट्ट्यांनीं साधतां येते. १८२३ सालीं कॉर्दुआन येथील दीपगृहावर त्यानें हें भिंग बसविलें, आणि चहूंकडे उधळून जाणारा उजेड एका झोतांत बांधला गेला. असे झोत फिरते ठेवले म्हणजे दूरच्या नावाड्याला दिवा उघडझांप करतांना दिसतो. प्रत्येक दीपगृहाची उघडझांप निराळी. कोणी दहा सेकंदांत एकदां चमकतो, कोणी वीस सेकंदांत लागोपाठ दोनदां. आणि तें सर्व नाविकांच्या पुस्तकांत नोंदलेलें असतें. नावाडी मनाशीं आंकडे मोजतो आणि दिव्याला नांवानिशीं ओळखतो.

हें जड भिंग फिरवावयास पूर्वीं घड्याळासारखें यंत्र असे. दोराला वजन बांधलेलें. तें हळूहळू खालीं उतरे आणि चक्र फिरे. वजन खालीं पोहोंचण्यापूर्वीं रखवालदारानें चावी देऊन तें पुन्हां वर चढवावयाचें, रात्रभर. ज्योत आधीं तेलाची. मग विसाव्या शतकाच्या आरंभीं दाबाखालीं रॉकेलची वाफ करून ती जाळीवर जाळण्याची युक्ति आली. आमच्या गांवांतल्या लग्नाच्या वरातींत डोक्यावरून चालणारी पेट्रोमॅक्सची बत्ती आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. ती या दिव्याचीच धाकटी बहीण. कोंकणांत कोळी लोक दीपगृहालाहि नुसती 'बत्ती'च म्हणतात. तो शब्द मला आमच्या वरातीमुळें एकदम घरचा वाटला.

पुढें स्वीडनमध्यें गुस्ताफ दालेन यानें एक झडप तयार केली. सूर्य उगवला कीं तिच्या योगानें दिवा आपोआप मंदावे आणि मावळला कीं आपोआप पेटे. निर्जन खडकांवरील दिवे त्यामुळें माणसाशिवाय जळूं लागले. १९१२ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें, आणि त्याच वर्षीं प्रयोग करतांना स्फोट होऊन त्याचे दोन्ही डोळे गेले. सूर्यप्रकाश ओळखणारें यंत्र ज्यानें केलें, त्याला पुढें सूर्य दिसला नाहीं. तरी १९३७ सालीं मरण येईपर्यंत तो काम करीत राहिला. आतां वीज आली, सौर पट्ट्या आल्या, मुठीएवढे नवे दिवे आले. रखवालदाराचें काम कमी कमी होत चाललें आहे.

जयगडहून पुढें मालगुंड लागतें. केशवसुतांचें हें जन्मगांव. तेहि आमच्याच शिक्षकी पेशांतले. त्यांच्या स्मारकाला नमस्कार करून मी रत्नागिरीस पोहोंचलों. येथील रत्नदुर्गावरचें दीपगृहहि १८६७ चेंच. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनीं राज्यावरून काढून १८८६ सालीं येथें आणून ठेविलें. १९१६ सालीं तो येथेंच वारला. तीस वर्षें त्यानें समुद्राकडे पाहिलें असेल, ही बत्तीहि रोज पाहिली असेल. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबताला वाट दाखविणारा तो दिवा त्याच्या मात्र कांहीं कामाचा नव्हता. वाट दिसणें आणि चालण्याची मोकळीक असणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वाटेंतल्या एका दीपगृहावर सायंकाळीं मी जिना चढून वर गेलों. तेथें कामावर असलेला गृहस्थ माझ्याहून पंचवीस वर्षांनीं लहान असेल. वर वारा इतका होता कीं दोघांना ओरडून बोलावें लागत होतें. मीं विचारलें, "आतां प्रत्येक जहाजावर आकाशांतल्या उपग्रहावरून जागा सांगणारें यंत्र असतें. कोळ्यांच्या खिशांतहि मोबाईल असतो. मग तुमच्या बत्तीकडे कोण पाहतो?"

तो हंसून म्हणाला, "गुरुजी, यंत्र काय सांगतें तें खरें कीं खोटें, हें पाहायला बत्तीकडेच पाहतात."

मला हें उत्तर विचार करण्यासारखें वाटलें. उपग्रहाचे संदेश अडवितां येतात, खोटे संदेश पाठवून जहाजाला चुकवितांहि येतें. अलीकडच्या युद्धांत असे प्रकार झाले आहेत. यंत्र ओलें होतें, बंद पडतें. डोंगरावरची बत्ती मात्र आपली जागा बदलत नाहीं. मीं विचारलें, "एकट्यानें येथें राहण्याचा कंटाळा येत नाहीं?" तो म्हणाला, "रात्रीं समोरून दिवे जातांना दिसतात. कोण आहेत, ठाऊक नाहीं. पण ते बरोबर चालले आहेत एवढें दिसतें. तेवढें पुरतें, गुरुजी." खालीं आल्यावर त्यानें चहा केला आणि पुढच्या गांवच्या खानावळीचें नांव सांगितलें. माझें आडनांव त्यानें विचारलें नाहीं. मींहि त्याचें विचारलें नाहीं.

देवगडच्या किल्ल्यांतहि दीपगृह आहे. तेथून मालवणमार्गें वेंगुर्ल्यास गेलें म्हणजे समुद्रांत दूरवर खडकाळ बेटें दिसतात. त्यांतील एकावर दीपगृह आहे. त्याच बेटांच्या गुहांमध्यें पाकोळीच्या जातीचे हजारों पक्षी घरटीं करतात. हे पक्षी तोंडानें टकटक असा आवाज काढतात आणि गुहेच्या भिंतींवरून येणाऱ्या त्याच्या पडसादावरून काळोखांत आपली वाट ओळखतात. वर माणसाचा दिवा आणि खालीं दिव्यावांचून चालणारें पांखरांचें गांव! ज्याला निसर्गानें तें कौशल्य दिलें नाहीं, त्यानें एकमेकांसाठीं दिवे लावावे, हेंच त्याला प्राप्त आहे.

प्रवास संपला तो गोव्यांत, आग्वादच्या किल्ल्यावर. १६१२ सालीं पोर्तुगीजांनीं डचांच्या भीतीनें हा किल्ला बांधला. येथें गोड्या पाण्याचा झरा होता; जहाजें त्यावर पाणी भरून घेत, आणि पाण्यावरूनच किल्ल्याला नांव मिळालें. किल्ल्यांतला जुना मनोरा १८६४ सालचा; १९७६ मध्यें त्याचें काम शेजारच्या नव्या दीपगृहानें घेतलें. पण याच किल्ल्याच्या खालच्या भागांत तुरुंग होता, आणि गोवामुक्तीसाठीं लढणारे सत्याग्रही त्यांत कोंडले जात. वर सगळ्या जगाच्या जहाजांना प्रकाश आणि खालीं आपल्याच भूमीवर मोकळेपणानें बोलूं पाहणाऱ्यांना काळोखी कोठड्या, असें तें राज्य होतें. १९६१ सालीं तें गेलें. तुरुंग आज पाहावयाची वस्तु झाला आहे; दिवा मात्र अजून रोज लागतो. मला वाटतें, कोणत्याहि राज्याच्या मागें त्याचें काय उरतें, याची ही चांगली परीक्षा आहे.

श्रोतेहो, जॉन स्टुअर्ट मिल या अर्थशास्त्रज्ञानें १८४८ सालच्या आपल्या ग्रंथांत दीपगृहाचें उदाहरण दिलें आहे. दीपगृहाचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून समुद्रांतल्या समुद्रांत पैसे वसूल करतां येत नाहींत. म्हणून आपल्या नफ्यासाठीं कोणी एकटा मनुष्य दीपगृह बांधणार नाहीं, तें सर्वांनीं मिळून, कर बसवून बांधावें लागतें, असा त्याचा अभिप्राय. आपल्याकडेहि १९२७ च्या कायद्यानें बंदरांत येणाऱ्या जहाजांवर दिव्यासाठीं कर बसविला. २०२१ सालीं नवा कायदा झाला, तरी तत्त्व तेंच राहिलें. जें जहाज आपल्या बंदरास न लागतां दुरूनच निघून जातें, त्याच्याकडून कांहींहि मिळत नाहीं. पण त्यालाहि दिवा दिसतोच. भारताच्या किनाऱ्यावर आज अशीं सुमारें २०० दीपगृहें आहेत.

नफा न दिसणाऱ्या वस्तु आपण किती दिवस सांभाळणार, हा खरा प्रश्न आहे. खेड्यांतली शाळा, गांवचें वाचनालय, सडकेच्या कडेची पाणपोई, या सगळ्या त्याच वर्गांतल्या. पटावरचीं मुलें कमी झालीं म्हणून शाळा मिटवावी, वाचणारे कमी झाले म्हणून वाचनालयाला कुलूप घालावें, असा हिशेब मांडणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या हिशेबांत चूक नसते. फक्त त्यांत एक रकाना नसतो. तो म्हणजे, जो अजून आलेला नाहीं पण वाटेवर आहे, त्याचा. शिक्षक म्हणून मीं आयुष्य काढलें तें याच रकान्यांत. वर्गांतलीं मुलें पुढें कोठें गेलीं, हें बहुतेकदां कळत नाहीं. कोणी पुण्यास असतें, कोणी परदेशांत, कोणी आपल्याच शेतांत. आपण खडूनें फळ्यावर कांहीं तरी लिहिलें होतें, आणि कोणाला तरी कधीं तरी तें दिसलें असेल, एवढ्यावर समाधान मानावयाचें.

या सुटींत आपण कोंकणांत जाणार असाल, तर एक सुचवितों. समुद्रस्नान करा, मासळी खा, देवदर्शन घ्या; पण एका संध्याकाळीं मुलांना घेऊन एखाद्या बत्तीच्या समोर वाळूंत बसा. काळोख पडूं द्या. मोबाईल खिशांत ठेवा. पहिली चमक दिसली कीं मुलांना मोठ्यानें आंकडे मोजावयास सांगा: एक, दोन, तीन... दुसरी चमक किती सेकंदांनीं येते, तें त्यांना वहींत लिहूं द्या. दुसऱ्या गांवीं दुसरी बत्ती मोजा. दोन्ही आंकडे निराळे आले म्हणजे तीं आपण होऊन विचारतील कीं असें कां. आणि मग त्यांना खांदेरीच्या काळोखांत निसटणाऱ्या होड्यांपासून आजच्या दिव्यापर्यंतची सगळी गोष्ट सांगा. जिना चढून वर जातां आलें, तर वर काम करणाऱ्या माणसाशीं दोन शब्द बोलून या. त्याला भेटावयास फार माणसें येत नाहींत.